माशीचं वावर

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

"जमेल," असं मी आज सभेत म्हणाले, आणि घरी येईपर्यंत त्या शब्दाचा पश्चात्ताप व्हायला लागला.

आमच्या शेतकरी गटाची हिरवी मिरची यंदा स्वतःच्या नावाने लंडनला पाठवायची, असं ठरलं. आजवर व्यापारी इथून माल उचलायचा, मलकापूरला न्यायचा, आणि पुढे तो कुणाच्या नावाने कुठे गेला हे आम्हाला कधी कळायचं नाही. भाजी परदेशी पाठवायची तर तिच्यात रोग-कीड नाही असा सरकारी दाखला लागतो. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे नुसतं 'फायटो' म्हणतात. पूर्वी हा फायटो कागदावर शिक्का मारून मिळायचा आणि पेट्यांबरोबर विमानातून जायचा. आता तो संगणकावर निघतो, आणि माल इथेच असताना तिकडच्या कार्यालयात जाऊन पोहोचतो. मात्र त्यासाठी प्रत्येक वावराची, म्हणजे शेताची, माहिती गटानेच भरायची.

"हे कोन भरीन?" अध्यक्ष वामनकाकांनी विचारलं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर ना! ती पदवी घेतली तेव्हा आमच्या कॉलेजात एकच संगणक होता आणि त्यावर कापड झाकलेलं असायचं. हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. लोकांना मी फसवते आहे का?

वामनकाकांचं दुःख निराळंच होतं. "म्हंजे सूनबाई, कागद भेटनच नाही का आपल्याले?"

"नाही काका. मोबाइलवर दिसेल."

"मंग ह्या फ्रेमचं काय करू मी? मलकापुरातून आनली नं!"

खरंच आणली होती. सोनेरी काठाची, काच लावलेली. पहिला दाखला कार्यालयात लावायचा म्हणून. शेवटी त्यांनी ती रिकामीच भिंतीवर टांगली. "खिळा ठोकून ठेवला," म्हणाले.

सर्वांत मागे भाऊराव उभे होते. त्यांचं वावर आमच्या बांधाला लागून. माणूस आडदांड, आवाज असा की बैल दचकावा. "कागदावर खोटं लिवता येते तं कॉम्प्युटरवर काऊन येनार नाही?" असं म्हणून ते निघून गेले. त्यांची बायको बेबीताई जागची हलली नाही. "आमचं नाव लिहा ताई," म्हणाली. "ते बोलतेत. मी करतो."

गोपालला घरी सगळं सांगितलं. तो "हं" म्हणाला. नवऱ्याने बायकोच्या कामात रस घ्यायलाच हवा असं काही नाही. फक्त नोंद करून ठेवते.


२६ ऑगस्ट, मंगळवार

वावरांची नोंद सुरू केली. गोपालने मोटारसायकलवर सगळीकडे फिरवलं. मोताळ्याला जायचंच होतं, म्हणाला, वाटेत सोडतो. मोताळा उलट्या दिशेला आहे, पण त्याच्या ते लक्षात आलेलं दिसलं नाही.

नोंदीत एक रकाना आहे, वावराचं स्थानिक नाव. त्याच्या शेजारी दुसरा, त्या नावाचा इंग्रजीत अर्थ. सातबाऱ्यावर गट नंबर असताना नाव कशाला, असं मला आधी वाटलं होतं. पण गट नंबर माणसांना पाठ नसतो. प्रत्येक वावराला मात्र नाव असतं, आणि ते विचारलं की माणूस खुलतो. आंब्याचं, नाल्यावरचं, चिपडं. चिपड्याचा अर्थ कुणालाच नीट सांगता येईना, तो लिहिताना मी फार वेळ घालवला.

वामनकाकांच्या वावराला सगळं गाव 'भांडणाचं वावर' म्हणतं. त्यांच्या वडिलांची आणि चुलत्यांची तिथे मारामारी झाली होती.

"त्यात काय, समझोत्याचं लिही," काका म्हणाले.

"काका, नाव भांडणाचं आहे."

"लंडनवाले काय म्हनतीन?"

"खरं आहे तेच म्हणतील."

मी 'क्वारल फील्ड' लिहिलं. काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मी ताठरपणा केला का? पण पहिल्याच पानावर अर्थ बदलायला लागले तर भाऊराव म्हणतात तेच खरं ठरेल.

भाऊरावांकडे शेवटी गेले. त्यांचा तोडा चालला होता. मिरची अशी की बघत राहावं, हिरवीगार, देठ ताठ. मी विचारलं, "दादा, ह्या वावराचं नाव?"

"माशीचं."

"माशी म्हणजे मधमाशी का? की दुसरी कोणती?"

"माशी म्हंजे माशी," म्हणाले आणि तोंड फिरवून बैलाकडे गेले. बैलाला काही झालेलं नव्हतं. बेबीताई तोंडाला पदर लावून उभी होती. मिरचीचा ठसका लागला असावा.

कोपऱ्यात निंबाखाली एक मोठा सपाट दगड आहे. तोड्याच्या पहिल्या ओंजळभर मिरच्या भाऊरावांनी त्यावर ठेवल्या. देवाचा दगड म्हणावा तर भाऊराव तसलं काही मानत नाहीत. त्यांच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब, दुसरं काही नाही. नमुना म्हणून ठेवल्या का, असं विचारलं. "असंच," म्हणाले. चांगला माल उन्हात वाळवायचा, हे मला पटलं नाही. पण त्यासाठी नोंदीत रकाना नव्हता.

घरी शब्दकोश काढून पाहिला. माशीला इंग्रजीत बरेच शब्द आहेत. भाऊरावांनी प्रकार सांगितला नाही, तेव्हा मी प्रकार लिहिणं बरोबर नाही. 'फ्लाय फील्ड' लिहिलं. साधं आणि प्रामाणिक. समाधान वाटलं.


३ सप्टेंबर, बुधवार

गावात नेट फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर येतं, तेही वरच्या अर्ध्या पायऱ्यांवर. काल तिथे बसून फोटो चढवत होते. पायरी अरुंद, एक पाय हवेत. आज गेले तर तिथे एक छान फळी ठोकलेली, पाठ टेकायला आडवी पट्टीसुद्धा. पाणीपुरवठ्याच्या लोकांना कधी नव्हे ती बुद्धी झाली.

गोपालच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली आहे. हातोडी लागली म्हणे. कशावर मारत होता ते सांगितलं नाही. विचारलं तर "जेवायले वाढ" म्हणाला.


९ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्या वावरांतले फळमाशीचे सापळे पाहिले. फळमाशी मिरचीत अंडी घालते, बाहेरून कळतही नाही, म्हणून परदेशात तिचा फार धसका. आमच्याकडे एकही नाही. भाऊरावांच्या सापळ्यात एक माशी होती, भिंगाखाली पाहिली, घरात असते ती साधी. तरी नोंद केली.

भाऊराव माझ्या मागे मागे होते. कंटाळून आले असतील. "त्या भिंगातून काय दिसते?" विचारलं. मी त्यांना दिलं. मिरचीवरून ते सापळ्यावर, सापळ्यावरून स्वतःच्या नखावर गेले, आणि भिंग परत द्यायला विसरले. मला मागावं लागलं. जाताना म्हणाले, "हे फायटो का काय ते, त्यात वावराचं नाव येते का?"

"येतं."

"कोन कोन वाचते?"

"इथले अधिकारी आणि लंडनचे."

"हं," म्हणाले. त्यांचा ह्या सगळ्याला अजूनही विरोधच आहे. मला तर भीती वाटते, ऐनवेळी ते माल देणार नाहीत.


१७ सप्टेंबर, बुधवार

असा दिवस पुन्हा येईल न येईल.

मलकापूरच्या बाहेर भाजी निवडायचं आणि थंड ठेवायचं केंद्र आहे, तिथे सकाळी सगळ्यांचा माल पोहोचला. भाऊराव माल देणार नाहीत म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. त्यांचे क्रेट सगळ्यांच्या आधी आलेले आणि ते स्वतः धुतलेला सदरा घालून त्यांवर पहारा देत उभे. बेबीताईने बायकांना कामाला लावलं. "ए, वाकडी मिरची लंडनले नको जाऊ देऊ, तिले आपल्या ठेच्यात घाला!" कुणी म्हणालं, "तुझा नवरा वाकडा आहे तं त्याले घेऊन आली नं?" भाऊरावांसकट सगळे हसले. म्हणजे भाऊराव ओठ आवळून उभे होते, पण मिशी हलत होती.

निरीक्षक जयमाला मॅडम आल्या. पांढरा ट्रे, भिंग, सुरी. प्रत्येकाच्या क्रेटमधून मिरच्या घेतल्या, चिरल्या, झटकल्या, पाहिल्या. भाऊरावांच्या मिरच्या पाहून म्हणाल्या, "फारच स्वच्छ आहेत हो." भाऊरावांनी हात जोडले.

दुपारी दाखला निघाला. माझ्या मोबाइलवर आला तेव्हा मला तो दिसलाच नाही, एवढी डोकी आडवी आली. मोठमोठ्याने वाचून दाखवला. नाव, गाव, वावर. आपलं नाव आलं की तो माणूस गप्प होई आणि बाकीचे टाळ्या वाजवत. वामनकाका 'क्वारल फील्ड'ला आधी हिरमुसले, मग म्हणाले, "आमच्या बुढ्यानं केलेलं भांडन लंडनले गेलं, साधी गोष्ट नाही." गाडी मुंबईकडे निघाली तेव्हा बेबीताईने तिच्या दाराला हात लावून पाहिला, थंड आहे का.

गोपाल तिथे कसा आला कळलं नाही. मलकापुरात काम होतं म्हणे. मी विचारलं, "बघितलास दाखला?" "दिसला," म्हणाला. बस्स, एवढंच.


१८ सप्टेंबर, गुरुवार

कालचा आनंद टिकला नाही, आणि चूक माझी.

सकाळी जयमाला मॅडमचा फोन. "अनुपमाताई, हे फ्लाय फील्ड काय आहे?"

लंडनच्या विमानतळावरून तिथल्या निरीक्षक बाईंचा प्रश्न आला होता. मॅडमनी वाचून दाखवला. मराठीत तो साधारण असा होतो: आपल्या दाखल्यात माल फळमाशीपासून मुक्त असल्याचं म्हटलं आहे. त्याच दाखल्यात मालाचं एक मूळ ठिकाण 'माशीचं शेत' असं दिलं आहे. कृपया माशीविषयी खुलासा करावा.

शब्दकोश उघडून, समाधान मानून, मीच हे लिहिलं होतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका. विमान उद्या रात्रीचं आहे, माल मुंबईत थंड खोलीत आहे. दोन रस्ते आहेत. एक तर भाऊरावांचे क्रेट काढून घ्या, मी त्यांच्याशिवाय नवा दाखला काढते. नाही तर उद्या दुपारपर्यंत खरा खुलासा द्या, शेतकऱ्याच्या सहीने. तो पटला तर नावासकट दुरुस्त दाखला पाठवते." मग जरा थांबून म्हणाल्या, "ताई, खुलासा खराच हवा."

कार्यालयात सगळे जमले. वामनकाकांनी पहिला प्रश्न विचारला, "भांडनाबद्दल काही नाही विचारलं?" नाही म्हटल्यावर ते जरा नाराज झाले. मग म्हणाले, "फुलाचं वावर लिहून टाक. फ्लाय नाही, फ्लॉवर. टायपिंगची चूक म्हनू."

"काका, खोटं होईल."

"मंग भाऊरावचे क्रेट काढा. एकासाठी साऱ्याइचा माल अडकवाचा का?"

कुणी विरोध केला नाही. तर्क बरोबर होता, तेच वाईट होतं. भाऊरावांचे क्रेट काढले की ते पुन्हा गटाकडे फिरकणार नाहीत, आणि बेबीताईला पुन्हा आयुष्यभर त्याच व्यापाऱ्याच्या काट्यावर उभं राहावं लागेल. सगळ्यांत स्वच्छ मिरची त्यांची, आणि माझ्या एका शब्दामुळे तीच घरी यायची.

गोपाल दारात टेकून उभा होता. "फ्लाय म्हंजे उडनंबी होते नं?" म्हणाला. "उडनारं वावर समजल्या असतीन त्या बाई." सगळे हसले. मला त्या वेळी राग आला. आता लिहिताना वाटतं, त्या हसण्यामुळेच मला उठता आलं.

भाऊरावांकडे गेले. सगळं सांगितलं, माझी चूक आहे हेही. ते निंबाखाली उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढून टाका माहे क्रेट."

"दादा, पण नाव का पडलं तेवढं सांगा. इथे कधी माश्या फार होत्या का?"

"काढून टाका म्हनलं नं."

मला वाटलं, माझ्यावरच चिडले. मी परत फिरणार तेवढ्यात बेबीताई कंबरेवर हात ठेवून आडवी आली.

"सांगता का मी सांगू?"

"तू गप बस."

"मी गप बसून राह्यलो तेव्हाच हे झालं. त्या दिवशी ताईनं मधमाशी का म्हनून विचारलं, तं मले हसू आवरेना!" ती माझ्याकडे वळली. "ताई, माशी म्हंजे उडनारी नाही. माशी म्हंजे मावशी. ह्याइची मावशी. सत्यभामाबाई."

भाऊराव निंबाच्या सालीकडे पाहत होते.

मग तुकड्यातुकड्याने कळलं. भाऊरावांची आई ते पोटात असतानाच खंगली, ते जन्मले आणि ती गेली. आईच्या धाकट्या बहिणीने त्यांना वाढवलं. हे वावर तेव्हा नुसतं दगडाचं होतं. तिने एकटीने वेचलं. एक दगड हलला नाही, तो तिने बसायला ठेवला. तिथे बसून भाकरी आणि हिरवी मिरची खायची. भाऊराव फार उशिरा बोलायला लागले आणि त्यांचा पहिला शब्द होता 'माशी'. जीभ वळत नव्हती. गावाने चिडवलं, पण तिला तेच आवडलं. सत्यभामा म्हणून हाक मारली तर वळायची नाही, माशी म्हटलं की वळायची. शेवटी गावच तिला माशी म्हणायला लागलं, आणि वावर माशीचं झालं. जुनी माणसं गेली, आणि नवीन पोरांना वाटतं इथे मधाचं पोळं होतं.

"एवढंच?" मी म्हणाले. "दादा, हे तर फार चांगलं आहे. का नाही सांगितलं?"

"काय सांगू?" त्यांचा तो बैल दचकवणारा आवाज कुठे गेला कोण जाणे. "एवढा मोठा माणूस मी. साऱ्याइसमोर सांगू का, की मले मावशी म्हनता येत नव्हतं?"

"लहान होता तुमी!" बेबीताई म्हणाली.

"ती म्हातारी झाली तरी मी माशीच म्हनत होतो."

मी त्या दगडाकडे पाहिलं. वर वाळलेल्या मिरच्या होत्या. मागे मी त्यांना वाया गेलेला माल समजले होते.

जरा वेळाने भाऊराव म्हणाले, "लंडनले सांग. पन वामनरावाले नको कळू देऊ."


१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळपासून टाकीच्या पायरीवर, त्या फळीवर बसून खुलासा लिहिला. किती वेळा खोडलं! 'आन्टीज फील्ड' म्हणावं तर बोबडा शब्द हरवतो. नुसतं 'माशी' ठेवावं तर त्यांना पुन्हा माशीच दिसेल. शेवटी असं लिहिलं: आमच्या भाषेत मावशी म्हणजे आईची बहीण. श्रीमती सत्यभामाबाई यांनी वाढवलेल्या एका लहान मुलाला हा शब्द नीट उच्चारता येत नसे, तो 'माशी' म्हणे. ह्याच उच्चाराचा आमच्या भाषेत कीटक असाही अर्थ होतो. वावराचं नाव त्या बाईंवरून आहे, कीटकावरून नाही. तो मुलगा आज ह्या वावराचा शेतकरी असून खाली त्याची सही आहे. चुकीचा अर्थ मी लिहिला, त्याची जबाबदारी माझी.

मग मनात आलं, सापळ्यात सापडलेली ती घरमाशीसुद्धा कळवावी का? नाही तर अर्धं सत्य होईल. जयमाला मॅडमना फोन केला.

"ताई," त्या म्हणाल्या, "ती माशी आपल्याकडेच राहू द्या. घरमाशीचा दाखला अजून कोणी मागितलेला नाही."

अडचण निराळीच निघाली. खुलाशावर अध्यक्षांचीही सही लागत होती. म्हणजे वामनकाका वाचणार. मी भाऊरावांना तसं स्पष्ट सांगितलं, लपवून सही घेणं मला जमणार नव्हतं. मग ते स्वतःच बेबीताईला घेऊन माझ्यासोबत कार्यालयात आले. काकांनी चष्मा लावून वाचायला घेतलं, मग इंग्रजी म्हणून मला अर्थ सांगायला लावला. मी सांगत असताना भाऊराव त्या रिकाम्या फ्रेमकडे टक लावून पाहत होते.

काकांनी चष्मा काढला. "अरे, हे तं मी भुललोच होतो. सत्यभामाबाईनं मले बोरं देल्ली होती," म्हणाले. "वावरात चोरून घुसलो तं. मारलं नाही, वरून बोरं देल्ली." सही केली. मग राहवलं नाही त्यांना. "भाऊराव, तुहे बोबडे बोल लंडनले चालले रे बाप्पा!"

भाऊराव म्हणाले, "तुह्या बापाचं भांडन गेलं तं माही मावशी काऊन नाही जानार?"

दोघं हसले ते थांबेचनात. बेबीताईचे डोळे भरले.

दुपारी खुलासा गेला. संध्याकाळच्या आत उत्तर आलं: खुलासा मान्य. जयमाला मॅडमनी जुना दाखला रद्द करून नवा पाठवला. वावराचं नाव: माशी, म्हणजे मावशी. माल विमानात चढणार असं मुंबईहून कळवलं.

वामनकाका म्हणाले, "कागद असता तं तो पेट्यांसंगच गेला असता. बाई तिथं विचारत बसल्या असत्या अन् मिरची सडली असती. ह्यानं आधी जाऊन चूक दाखवली." जरा थांबून, "तरी फ्रेमचं वाईट वाटते बा."


२२ सप्टेंबर, सोमवार

माल सुटला.

तिथल्या निरीक्षक बाईंनी पेट्या उघडून तपासणी केली आणि शेरा मारला. शेऱ्याच्या रकान्यात दोनच वाक्यं आहेत. मी टाकीवरून धावत खाली आले, एक चप्पल वरच राहिली. गोपाल खालीच होता, योगायोगाने. त्याला वाचून दाखवलं, मराठीत:

'माशी आढळली नाही. मावशींना नमस्कार.'

गोपालने मला दोन्ही हातांनी उचललं. टाकीजवळ, दिवसाढवळ्या, बाया पाणी भरत असताना! मग माझी चप्पल आणायला वर गेला.


२५ सप्टेंबर, गुरुवार

गोपालच्या मोबाइलच्या पडद्यावर आमच्या दाखल्याचं चित्र आलं आहे. चुकून काही तरी दाबलं गेलं म्हणे, आता निघत नाही. मी काढून देते म्हटलं. "राहू दे, बॅटरी उतरते," म्हणाला. चित्र काढल्याने बॅटरी कशी उतरेल? त्याला मोबाइलमधलं काही कळत नाही. मोताळ्याच्या बाजारात आज तीन अनोळखी माणसांनी मला विचारलं, "लंडनवाल्या ताई तुमीच का?" ही बातमी कोण पसरवतं आहे, कळत नाही.


२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी भाऊराव दारात. आत या म्हटलं तर उंबऱ्यातच उभे. "जय भीम, ताई. एक काम होतं. त्या मोबाइलमधलं कागदावर येते का?"

"येतं की. मोताळ्याला छापून मिळेल."

"माशीचा एकबी फोटो नाही माह्याजवळ. तिच्या नावाचा कागदच नाही कोनता. वावर माह्या नावावर केलं तेव्हा तिनं अंगठा देल्ला होता, तो तहसीलमंधी." ते अडखळले. "त्या बाईनं नमस्कार लिहिला म्हनते गोपाल. तेवढं पाह्यजे होतं."

गोपालने हे त्यांना कधी सांगितलं?

गोपालबरोबर मोताळ्याला जाऊन छापून आणलं. आमचा खुलासा, आणि त्याखाली लंडनचा शेरा. वामनकाकांना कळलं. त्यांनी कार्यालयातली फ्रेम काढली, काच रुमालाने पुसली आणि काखेत मारून आमच्याबरोबर निघाले. "खिळा राहू देल्ला," म्हणाले. "पुढच्या वक्ताले कामात येईन."

भाऊरावांच्या घरात भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली जरा बाजूला आता ही सोनेरी फ्रेम. बेबीताईने चहा केला, काकांच्या चहात मुद्दाम साखर जास्त घातली. पुढच्या पाठवणीसाठी नोंद पुन्हा भरायची आहे, तेव्हा मी विचारून घेतलं, "दादा, नाव आता मावशीचं करू का? शुद्ध?"

"नाही," ते लगेच म्हणाले. "माशीचंच राहू दे. मी ठेवलेलं हाय ते."

मग फ्रेमकडे बोट केलं. "ते खालचं वाच ना, ताई. मराठीत."

मी वाचलं. माशी आढळली नाही. मावशींना नमस्कार.

"पुन्हा."

पुन्हा वाचलं. भाऊराव फ्रेमच्या अगदी जवळ गेले, सत्यभामाबाई ह्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. अक्षरं त्यांना येत नाहीत, मी मघाशी दाखवली होती, तेवढी जागा त्यांनी लक्षात ठेवली होती.

"त्याइले नाही आढळली," ते म्हणाले. "आमाले आढळली."

ते वाक्य फळमाशीबद्दल आहे, त्याचा अर्थ वेगळा होतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. गोपालने माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्याले.